साउंडबॉक्स ओरडतो, मग एटीएमशी बोलायला काय हरकत?

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याला धरून आहे. आवाजाने चालणाऱ्या एटीएमपुढे रक्कम मोठ्याने सांगायला लोक बिचकतील, असं मी लिहिलं होतं. तुम्ही म्हणता, तो शिकलेल्या शहरी माणसाचा संकोच आहे. वाण्याच्या दुकानातला साउंडबॉक्स दिवसभर रकमा ओरडतो, ते लोकांच्या अंगवळणी पडलं, तसं हेही पडेल. आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांचा मी विचारच केलेला नाही.

आधी साउंडबॉक्स. तो 'चाळीस रुपये प्राप्त झाले' म्हणतो, कुणाचे ते सांगत नाही. शिवाय ते पैसे खात्यात गेलेले असतात, कुणाच्या खिशात नव्हे. एटीएमपुढे 'वीस हजार' म्हणणारा माणूस मात्र दोन मिनिटांत तेवढी रोकड घेऊन त्याच दारातून बाहेर पडतो. पगाराच्या किंवा पेन्शनच्या तारखेला आत किती जण घुसलेले असतात, तुम्ही पाहिलंच असेल. लोक बिचकतात ते मशीनला नाही, मागे उभ्या असलेल्याला. ही धास्ती सवयीने जाणार नाही, आणि जाऊही नये.

वाचता न येणाऱ्यांबद्दल तुमचं बरोबर आहे. आजही कितीतरी जण कार्ड आणि पिन दोन्ही वॉचमनच्या नाहीतर पुतण्याच्या हाती देतात. त्यापुढे मोठ्याने बोलणं परवडलं! पण त्यांना या दोन्हींपेक्षा बरा मार्ग आधीच उपलब्ध आहे, आणि माझा सगळा राग तो कुणी सांगत नाही यावर आहे. रिझर्व्ह बँकेने 2009 मध्ये नव्या एटीएमपैकी किमान एक तृतीयांश बोलणारी असावीत असं सांगितलं, आणि 1 जुलै 2014 पासून सगळीच नवी एटीएम बोलणारी आणि ब्रेल बटणांची हवीत असं ठरवलं. आपला साधा इअरफोन खोचायचा. प्रश्न कानात येतो, उत्तर बोटाने द्यायचं. पाचच्या बटणावर उंचवटा असतो, त्यावरून बाकीचे आकडे सापडतात. मागच्याला काही ऐकू जात नाही. सोय अंधांसाठी केली, पण ज्याला अक्षरं येत नाहीत पण फोनचे आकडे दाबता येतात त्यालाही ती चालते. आमच्या भागातल्या एका एटीएमच्या इअरफोनच्या भोकात धूळ बसली आहे, आणि ते भोक कशासाठी आहे हे तिथल्या रखवालदारालाच ठाऊक नव्हतं.

मशीनला आपलं बोलणं कळेल का, हा आणखी वेगळा घोळ. आपण 'अडीच हजार', 'साडेचार हजार' म्हणणारी माणसं. बाहेर रिक्षांचे हॉर्न, आत एसीची घरघर. मशीनने 'पुन्हा सांगा' म्हटलं की आजोबा तीच रक्कम दुप्पट आवाजात सांगणार.

बोलून व्यवहार करण्यालाच माझा विरोध आहे असं समजू नका. 2023 मध्ये 'हॅलो यूपीआय', म्हणजे फोनशी बोलून पैसे पाठवायची सोय, जाहीर झालं तेव्हा मला ते आवडलं होतं, कारण फोन घेऊन माणूस बाजूला जाऊ शकतो. एटीएम उचलून कुठे नेणार?

तुमच्या गावच्या एटीएमला एकदा इअरफोन लावून पाहाल का? ते बोलतं का, आणि मराठीत बोलतं का, तेवढं इथेच कळवा.