आईबाबांना जत्रा दाखवण्याची रीत

आईवडील सहा महिन्यांसाठी डॅलसला आलेले असले आणि मॉल, मंदिर व घाऊक खरेदीचे दुकान ही तिन्ही तीर्थे उरकलेली असली, की त्यांना सप्टेंबरअखेरीस सुरू होणाऱ्या ‘स्टेट फेअर ऑफ टेक्सास’ला नेण्यावाचून आज्ञाधारक चिरंजीवांना गत्यंतर नसते. ही जत्रा 1886 पासून भरते आणि हल्ली 24 दिवस चालते. एवढ्या दिवसांतून सोयीचा दिवस कोणीही निवडेल; आपण मात्र ऑक्टोबरातला नेमका तो शनिवार हेरावा, ज्या दिवशी जत्रेच्याच आवारातील कॉटन बोल मैदानावर टेक्सास आणि ओक्लाहोमा विद्यापीठांचा फुटबॉल सामना असतो. सामन्यालाच नव्वद हजारांवर माणूस लोटते आणि त्यातले निम्मे भगव्याच्या जवळपास जाणाऱ्या रंगाचे कपडे घालून येते, त्यामुळे ‘ही कोणती दिंडी रे?’ असे आईने विचारल्यास तिला हसू नये.

डार्टची, म्हणजे डॅलसच्या लोकल रेल्वेची, ग्रीन लाइन थेट फेअर पार्कच्या, म्हणजे जत्रेच्या आवाराच्या, दाराशी उतरवते, म्हणून ती कटाक्षाने टाळावी आणि गाडीच काढावी. पार्किंगचे पैसे बाबांच्या देखत द्यावेत. रुपयांत हिशेब करायचा नाही, असे त्यांना घरूनच बजावलेले असल्यामुळे ते अवाक्षरही काढणार नाहीत. फक्त मागच्या सीटवर त्यांचे ओठ हलताना आरशात दिसतील. यावर उतारा म्हणून आत गेल्यावर खाण्यापिण्यासाठी आणि पाळण्यांसाठी कूपने घ्यावीत. कूपनांचे डॉलर आणि डॉलरांचे रुपये असा दुहेरी गुणाकार होईपर्यंत आपली ऑर्डर देऊन झालेली असते.

आता खाण्याविषयी. ही जत्रा बहुतेक वर्षी नवरात्रातच गाठते आणि आईला नऊ दिवसांचे उपास असतात, हे आपल्याला ठाऊक असूनही तिच्या हातात पहिल्यांदा कॉर्नडॉग द्यावा. काडीवर खोचून, मक्याच्या पिठात घोळवून तळलेला तो लांबुळका प्रकार ती फिरवून फिरवून पाहील, कडेचा कुरकुरीत पापुद्रा नखाने उचकटील आणि ‘आत काय आहे?’ असे विचारील. आपण मोहरीची बाटली शोधण्यात गुंतावे. ‘सॉसेज!’ हे मांसाहारी उत्तर नातू देतोच. मग तिला या जत्रेचा पाककलेतला अधिकार समजावून सांगावा: येथे नव्या पदार्थांची रीतसर स्पर्धा होते, 2006 साली तळलेल्या कोकला आणि 2009 साली तळलेल्या लोण्याला सर्वांत कल्पक पदार्थाचे बक्षीस मिळाले होते. लोणी तळले म्हणजे त्याचे तूप व्हायला हवे, ही तिची शंका अगदी रास्त आहे, पण ती मनावर घेऊ नये.

एक खबरदारी मात्र अवश्य घ्यावी. बाहेरचे खाणे आत न्यायला या जत्रेत मुभा आहे, ही गोष्ट आईच्या कानावर जाता कामा नये. तिने पहाटे उठून परतलेले शेंगदाणे आणि राजगिऱ्याचे लाडू ‘आत चालणार नाही’ म्हणून गाडीतच ठेवायला लावावेत, आणि चार तासांनी ती बाटलीतले पाणी पिऊन ‘मला भूकच नाही’ म्हणू लागली, की ‘अमेरिका मानवली हिला’ असे बायकोला सांगावे.

वराहांची शर्यत दाखवावी. मोटारींच्या प्रदर्शनात बाबा प्रत्येक ट्रकमध्ये चढून स्टिअरिंग धरून बसतील. दिवसभरात ते खुशीत असतील ते तेवढेच, म्हणून तेथून लवकर काढावे. 212 फुटी ‘टेक्सास स्टार’ पाळण्यात त्यांना गुडघ्यांचा विचार न करता बसवावे, कारण कूपने परत होत नाहीत.

निघताना बिग टेक्सपाशी फोटो काढावा. हा बुजगावणेवजा काउबॉय 2012 साली जत्रा चालू असतानाच जळून खाक झाला आणि पुढच्याच वर्षी नवा, 55 फुटी उभा राहिला; हात हलवून ‘हाउडी फोक्स’ असे तो ज्या आवाजात म्हणतो, त्याने आई पहिल्या वेळी दचकते आणि तिसऱ्या वेळी नमस्कार करते. त्याची टोपी फोटोत यायलाच हवी, म्हणून मागे मागे जात राहावे, इतके की त्याच्या बुटांशी उभे असलेले आईबाबा दोन ठिपक्यांएवढे दिसतील. हाच फोटो सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकावा. चेहरे ओळखू येत नसल्यामुळे सर्वांना ते आनंदात दिसतात.