रद्दीवाल्यापेक्षा बाइंडिंगवाल्याचा मला जास्त राग येतो

हो, खरंच. रद्दीत गेलं की गेलं, विषय संपला. पण इतकी वर्षं जपलेले मासिकांचे अंक बाइंडरकडे न्यायचे, तो मुखपृष्ठं उडवणार, पुढच्या-मागच्या जाहिराती फाडून टाकणार, कडा सरळ कापणार आणि वर सोनेरी अक्षरात नाव-साल छापून देणार. आणि आपण म्हणणार वा, काय जपलंय! अहो अर्धा अंक तर तिथेच कचऱ्यात गेला ना.

सध्या आमचं इंदूरच्या रामबागेतलं जुनं घर रिकामं करणं चालू आहे, बिल्डरला द्यायचंय, त्यामुळे टांडेवरचं (म्हणजे माळ्यावरचं) सगळं खाली येतंय. आजेसासरे पोस्टाने अंक मागवायचे. किर्लोस्कर, स्त्री, मनोहर, पुढे हंस, सत्यकथा. त्यांना बाइंडिंगची हौस नव्हती (सासूबाई म्हणतात हौस होती, पैसे नव्हते), म्हणून सगळं जसं पोस्टमनने टाकलं तसंच राहिलं, काहींवर तर पत्त्याची खाकी पट्टी अजून चिकटलेली आहे. मी बसले होते कथा वाचायला आणि अडकले त्या पट्ट्यांमध्ये.

माणूस तोच, गल्ली तीच, फक्त खालची ओळ बदलत जाते. आधी 'इंदूर, होळकर स्टेट'. १९४८ नंतर 'मध्य भारत'. १ नोव्हेंबर १९५६ ला मध्य प्रदेश झाला तर 'म. प्र.', आणि १९७२ नंतरच्यांवर पिनकोड. एका मासिकाने तर म. प्र. होऊन वर्ष उलटलं तरी मध्य भारत सोडलं नव्हतं, तिकडे कुणी बदललंच नसणार. आजोबा घरातून हलले नाहीत आणि तीन राज्यांत राहून आले. आम्हा इंदूरच्या मराठी लोकांचा इतिहास म्हणजे आम्ही अहिल्याबाईंपासून सुरू करतो आणि सराफ्यातल्या खाण्यावर संपवतो, मधलं हे कुणी सांगतच नाही.

किमतीचंही तसंच. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, तेव्हा आठ आण्यांचे सरळ ५० झाले, पण सहा आण्यांचे सरकारी कोष्टकात ३७, म्हणजे साडेसदतीसमधला अर्धा पैसा गायब. हे वाचून दाखवलं तर सासूबाई एकदम, "तो अर्धा पैसा दुकानदार नेहमी स्वतःकडेच ओढायचा गं, आम्ही पोरं भांडायचो." इतक्या वर्षांत ही गोष्ट घरात कधी निघाली नव्हती.

आता खरी गंमत. सगळ्यात खालच्या गठ्ठ्यात, वर्तमानपत्रात गुंडाळलेले 'समाजस्वास्थ्य'चे अंक निघाले! ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत, वारले तोपर्यंत, हे मासिक चालवलं, संततिनियमन आणि लैंगिक शिक्षणावर, तेही इतकं स्पष्ट की अश्लीलतेचे खटले झाले, एका खटल्यात तर वकील म्हणून डॉ. आंबेडकर उभे राहिले होते. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र. फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला तर आमचे थोरले भावजी, जे रोज सकाळी 'पूर्वीचे संस्कार' वगैरे फॉरवर्ड करतात, ते म्हणाले, "आपल्या घरात असलं काही येत नव्हतं, कुणीतरी ठेवून गेलं असेल." मी फक्त पट्टीचा फोटो टाकला. आजोबांचं पूर्ण नाव, रामबाग, इंदूर, होळकर स्टेट. ग्रुप दुपारपर्यंत शांत.

बाइंडिंग झालं असतं तर भावजी जिंकले असते, हेच तर म्हणतेय मी.

त्यामुळे जुना काळ किती साधा आणि सोज्वळ होता वगैरे माझ्यापुढे तरी बोलू नका. त्या साध्या काळात रोज देवपूजा करणारा माणूस पोस्टाने समाजस्वास्थ्य मागवून, वाचून, गुंडाळून टांडेवर ठेवत होता, त्यातच प्रभाकर कंदिलाची जाहिरात बघत होता आणि बायकोसाठी 'स्त्री' पण मागवत होता. मला तर ते आजोबा आत्ता आवडायला लागले, हार घातलेल्या फोटोत अगदीच कडक दिसतात.

हल्ली स्कॅनिंग होतं ते उत्तमच आहे, बालभारतीने 'किशोर'चे अगदी १९७१ पासूनचे अंक नेटवर टाकलेत, आमच्या चिरंजीवांना तेच वाचून दाखवते. पण घरचे अंक स्कॅनला देणार असाल तर प्लीज कव्हर टू कव्हर करायला सांगा, जाहिराती, पट्टी, पेन्सिलीच्या खुणा सगळं, नाहीतर परत तेच बाइंडिंग.

इंदूर, ग्वाल्हेर, उज्जैन, देवासकडच्या कुणाकडे 'मध्य भारत' लिहिलेल्या पट्ट्या असतील तर कमेंटमध्ये फोटो टाका, माझ्याकडे त्या सालातले फार थोडे आहेत (घर नंबर झाकून टाका हं). आणि समाजस्वास्थ्य मागू नका कृपया. त्यावर घरात दोघांनी हक्क सांगितलाय, त्यातले एक थोरले भावजी आहेत.