महाराजपुऱ्याची जमीन "वाया" जातेय म्हणे

ग्वाल्हेरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. महाराजपुरा एअरबेसच्या भोवतीची जमीन मोकळी ठेवणं म्हणजे शहराचा गळा आवळणं, भिंत आहे ना मग पुरे, अमेरिकेत बेस गावातच असतात, शेतकऱ्याला फुटकी कवडी मिळत नाही, आणि आपल्या ग्वाल्हेरचा लष्कर हा भागही छावणीतूनच झाला ना!

भिंतीचं आधी. भिंतीने म्हैस अडते हो, विमान नाही. उतरणारं विमान साधारण 3 अंशांच्या उताराने येतं, म्हणजे रनवेच्या टोकाच्या एक किलोमीटर अलीकडे ते जेमतेम 65-70 मीटरवर असतं, आणि त्या पट्ट्यात वस्ती आली की कचरा आला, कचऱ्यावर घारी आल्या. 27 जून 2019 ला अंबाल्यात एअरफोर्सचं जॅग्वार विमान उडालं, लगेच पक्षी धडकला, पायलटने फ्युएल टँक आणि सरावाचे छोटे बॉम्ब टाकून विमान हलकं केलं आणि सुखरूप उतरवलं, पण टाकलेल्यातलं काही बाहेरच्या वस्तीत पडलं. कोणी दगावलं नाही हे नशीब. विमानतळापासून 10 किलोमीटरच्या आत उघड्यावर घाण टाकायला बंदी आहे, पण नुसत्या नियमाने वस्ती स्वच्छ राहत असती तर काय हवं होतं.

अमेरिकेचं तर उलटंच आहे. व्हर्जिनिया बीचला ओशियाना नावाचा नेव्हीचा बेस आहे, तिथे घरं इतकी खेटली की 2005 मध्ये कुठले लष्करी बेस ठेवायचे ते ठरवणाऱ्या तिथल्या सरकारी कमिशनने बजावलं, बांधकाम आवरा नाहीतर विमानं दुसरीकडे नेऊ. 2012 च्या एप्रिलमध्ये तिथलंच एफ-18 उडाल्या उडाल्या अपार्टमेंटवर कोसळलं. आणि तिथलं संरक्षण खातं गेली वीसेक वर्षं बेसभोवतीच्या जमीनमालकांना पैसे देतंय, तेही राजीखुशीने, बऱ्याचदा फक्त बांधकामाचा हक्क विकत घेतात, शेत मालकाचंच राहतं, तो पेरतो, कापतो, पुढे मुलांना देतो.

लष्कर भागाचं म्हणाल तर 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांचा तळ पडला तेव्हा घोडे होते, मिराज लढाऊ विमानं नव्हती. बालाकोटला गेलेली मिराज याच बेसवरची, तंबू उचलावा तसा हा बेस उचलून दतियाला ठेवता येत नाही.

भरपाईचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, आणि फॉरवर्डवाल्याने नेमका तोच दोन ओळींत उरकलाय. 1903 च्या वर्क्स ऑफ डिफेन्स कायद्यात बांधकामबंदीबरोबर भरपाईची तरतूद आहे. पण 2011 पासून बऱ्याच ठिकाणी कारभार चालतो तो परिपत्रकांवर, इतके मीटर सोडा, एनओसी आणा, आणि एनओसी नाकारली की मालकाच्या हातात कागदाशिवाय काही नाही. हे चूकच आहे. म्हणून भांडायचं तर भरपाईसाठी भांडा, प्लॉट पाडू द्या म्हणून कशाला?

कारण प्लॉट पडले की काय होतं ते गुडगावला बघा. एअरफोर्सच्या दारूगोळा डेपोभोवती 900 मीटरची बंदी असताना कॉलन्या उभ्या राहिल्या, कॉलोनायझर पैसे घेऊन मोकळा, आणि रहिवासी वर्षानुवर्षं कोर्ट, नोटिसा, कनेक्शन यांच्या मागे. आपल्या बेसजवळच्या भिंड रोडला कोणी "एअरपोर्टपासून पाच मिनिटं" म्हणून स्वस्तात प्लॉट दाखवला तर आधी डायवर्जन (शेतजमीन बिगरशेती केल्याचा कागद), टाऊन अँड कंट्री प्लॅनिंग खात्याचा मंजूर नकाशा आणि एअरफोर्सची एनओसी मागा. नुसत्या रजिस्ट्रीवर बयाणा देऊ नका.