वर्गणी भरून काय मिळते?

आज एका तरुण ग्रंथपालाने मला सांगितले की, यंदा त्याने ग्रंथपालांच्या संघटनेचे सभासदत्व पुढे चालू ठेवलेले नाही. "वर्गणी भरून तुम्हाला मिळते तरी काय?" असे त्याच्या वरिष्ठांनी विचारले आणि त्याला उत्तर सुचले नाही. त्या प्रश्नाचा मला आलेला राग अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहीत आहे.

बहुतेक लहान संस्थांमध्ये ग्रंथपाल एकटाच असतो. पुस्तकाला त्याच्या विषयाचा क्रमांक, म्हणजे वर्गांक, नेमका दिला की ओढूनताणून, हे त्या इमारतीत दुसऱ्या कोणाला कळत नाही. देवघेव सुरळीत चालली, पुस्तक मागितले की मिळाले, एवढेच इतरांना दिसते. ज्याचे काम जाणणारे कोणी भोवती नाही, त्याच्यासाठी पुढच्या जागेच्या वेळी शब्द कोण टाकणार?

मी नवीन असताना संघटनेच्या एका कार्यशाळा समितीत मला इतिवृत्त लिहायला बसवले होते. समितीतल्या एका ज्येष्ठ बाईंनी माझ्या मसुद्यातल्या "सविस्तर चर्चा झाली" या ओळीवर पेन्सिलीने रेघ मारली आणि समासात लिहिले : काय ठरले, कोण करणार, कधीपर्यंत. पुढे त्यांनीच आग्रह धरून कार्यशाळेचे अंदाजपत्रक माझ्याकडे सोपवले. नोकरीच्या ठिकाणी साध्या कागदाच्या खरेदीवरही माझी सही चालत नसे, आणि इथे सभागृह, वक्ते, नोंदणी, शिल्लक या सगळ्याचा हिशेब मला कार्यकारिणीपुढे मांडायचा होता. ही संधी कोणत्या संस्थेने तिच्या कनिष्ठ ग्रंथपालाला दिली असती?

नंतर वरच्या पदाच्या मुलाखतीत मला विचारण्यात आले की, पैशांची आणि माणसांची जबाबदारी कधी सांभाळली आहे का. मी त्या कार्यशाळेबद्दल बोलले, कारण माझ्याजवळ सांगण्यासारखे तेवढेच होते, आणि ते पुरले.

आणि ज्यांना संघटना म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग वाटतो, त्यांनी आपल्या ग्रंथालयातली तालिका, म्हणजे पुस्तकांच्या नोंदींची सूची, एकदा उघडून पाहावी. १९६७ चे आंग्ल-अमेरिकन तालिकीकरण नियम अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा येथील ग्रंथालय संघटना व लायब्ररी ऑफ काँग्रेस यांनी मिळून घडवले. तालिकेत पुस्तकाची नोंद कशी करायची हे सांगणारे ग्रंथवर्णनाचे आंतरराष्ट्रीय मानक ज्या बैठकीतून पुढे आले, ती १९६९ साली कोपनहेगनला ग्रंथालय संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने भरवली होती. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले जाणारे रंगनाथन १९२८ साली स्थापन झालेल्या मद्रास ग्रंथालय संघाचे चिटणीस होते, आणि त्यांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत १९३१ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले ते याच संघाने. रोजच्या कामाचे नियम समित्यांमध्ये ठरत असतील, तर तिथे बसलेल्या माणसाला ते इतरांच्या आधी आणि कारणांसकट कळतात. हा फायदा पगारपत्रकावर दिसत नाही, पण तालिकेचे सॉफ्टवेअर बदलायची वेळ आली की सगळे त्याच माणसाला शोधत येतात.

नुसती वर्गणी भरून काही मिळत नाही, हे त्या वरिष्ठांचे म्हणणे तेवढ्यापुरते खरे आहे. काही संघटनांत वर्षानुवर्षे तीच नावे फिरतात, हेही मी नाकारत नाही.

त्या मुलावर मात्र माझा राग नाही. दिवसभराच्या कामानंतर बैठकीला बसणे सोपे नसते, आणि घरी लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर त्याहून अवघड. पण माझ्या मसुद्यावर पेन्सिल चालवणाऱ्या बाईंनाही घर होतेच, तरी एका नवख्या मुलीचा कागद त्यांनी ओळ न् ओळ वाचला. पुढे माझ्या अर्जासोबतचे शिफारसपत्रही त्यांनीच दिले, आणि त्यात माझे कोणते काम त्यांनी स्वतः पाहिले, ते नेमके लिहिले होते. माझ्या कार्यालयातून असे पत्र येणे शक्यच नव्हते.

म्हणून त्याला मी आजच कळवले आहे : सभासदत्वाचा अर्ज भर, आणि त्यासोबत एखाद्या लहान समितीत काम मागून घे. मोठ्या समितीत नवीन माणसाच्या वाट्याला फक्त खुर्ची येते. तालिकीकरणाची गोडी असेल तर त्या गटात जा, नियतकालिकांचे काम आवडत असेल तर त्या. आणि वरिष्ठांनी पुन्हा विचारले, तर अधिवेशनाला जाण्यासाठी कर्तव्यरजेचा अर्ज त्यांच्यापुढे ठेव, आणि परत आल्यावर तिथे काय शिकलास याचे एक पानी टिपण त्यांच्या टेबलावर नेऊन दे.