राइड ऑन बस फुकट झालीय, मेट्रो नाही!

मेरीलँडच्या मॉन्टगोमेरी काउंटीत राहणाऱ्यांच्या ग्रुपवर तो मेसेज परत फिरतोय, "काउंटीने बस आणि मेट्रो सगळं फ्री केलं, फक्त रहिवासाचा पुरावा दाखवा". अर्धं खरं, अर्धं गंडलेलं.

खरं एवढंच की 29 जून 2025 पासून काउंटीच्या स्वतःच्या राइड ऑन बसला तिकीट नाही, तिच्याच फ्लॅश (जलद बस) आणि फ्लेक्स (बोलावल्यावर येणारी छोटी बस) सेवांनाही नाही. त्याआधी एक डॉलर होता. पुरावा-बिरावा कोणी विचारत नाही, कार्डपण टॅप करायचं नाही, चढा आणि बसा, भारतातून आलेले आईबाबासुद्धा तसेच जाऊ शकतात.

पण मेट्रोबस आणि मेट्रो रेल्वे काउंटीच्या नाहीतच, त्या वॉशिंग्टन परिसराची वेगळी संस्था चालवते, तिकडे भाडं भरावंच लागतं, त्यासाठी स्मार्टट्रिप (आधी पैसे भरून ठेवायचं कार्ड) चालतं आणि रेल्वेचं भाडं अंतरानुसार. म्हणजे जर्मनटाउनहून राइड ऑनने शेडी ग्रोव्ह मेट्रो स्टेशनला फुकट पोचाल, पुढे मेट्रो रेल्वेच्या रेड लाइनच्या गेटवर पैसे भरावेच लागतील. घोळ बहुतेक यामुळे झाला असावा की त्याच दिवशी मेट्रोबसचे रूट आणि नंबरही बदलले, दोन्ही बातम्यांची खिचडी करून कोणीतरी फॉरवर्ड ढकलला.

आणि हो, "फुकट" म्हणजे खर्च गायब झाला असं नाही हां, तो आपल्याच टॅक्समधून जातो, आधीही बहुतेक तिथूनच जायचा, तिकिटाचे पैसे त्यात किरकोळच होते.

तर आईबाबा एकटे निघणार असतील तर त्यांच्या हातात स्मार्टट्रिप द्या, त्यात बॅलन्स आहे का तेही बघा.