माझा जीव, माझा साप, पण शेजाऱ्याला सांगणार कोण?

परवा इथल्या एका मित्राशी जोरदार वाद झाला. त्याचं म्हणणं, "माझं घर, माझा पैसा, माझा जीव. विषारी साप पाळला तर सरकारला काय त्याचं?" मी तेव्हा नीट उत्तर देऊ शकले नाही, म्हणून लिहितेय.

मी रॅलेत राहते, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात. जून २०२१ मध्ये इथल्या एका वस्तीत एका घराच्या व्हरांड्यात झेब्रा कोब्रा दिसला. आफ्रिकेतला नाग, विष थुंकणारा. दोन दिवस सगळं शहर दारं-खिडक्या लावून बसलं होतं. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "तिकडे पण जनावर निघालं?" आमच्या राजापूरकडे रात्री सापाचं नाव घेत नाहीत.

नंतर कळलं की साप एका तरुणाने पाळलेला होता आणि आदल्या नोव्हेंबरपासूनच बेपत्ता होता. म्हणजे सात महिने. त्याने कुणालाही कळवलं नव्हतं. २०२१च्याच मार्चमध्ये त्याला त्याच्याच ग्रीन माम्बाने, म्हणजे दुसऱ्या एका विषारी सापाने, चावा घेतला होता, आणि प्रतिविष, म्हणजे विषावरचं औषध, आलं ते शेजारच्या साउथ कॅरोलायनातल्या रिव्हरबँक्स प्राणिसंग्रहालयातून.

माझा सगळा मुद्दा त्या प्रतिविषापाशी आहे. अमेरिकेतली प्राणिसंग्रहालयं परदेशी सापांचं प्रतिविष मुख्यतः आपल्या कर्मचाऱ्यांसाठी ठेवतात. ते बाहेर गेलं की पुन्हा मागवून येईपर्यंत तिथले लोक कमी साठ्यावर काम करतात. "माझा जीव" म्हणणाऱ्याचा धोका असा दुसऱ्याच्या कपाटातून भागवला जातो.

मला हे इतकं का लागतं? मी लहान असताना काकांना गवत कापताना फुरसं हा विषारी साप चावला. बोटाएवढं जनावर, कातळाच्या रंगाचं. संध्याकाळपर्यंत हिरड्यांतून रक्त यायला लागलं. दवाखान्यात काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं ठेवलं, ते गोठलंच नाही, म्हणजे विष भिनलं होतं. प्रतिविषाच्या होत्या तेवढ्या लसी दिल्या आणि पुढे पाठवलं. रात्रभर वडील आणि शेजारचे दोघं गाडीत त्यांचा हात धरून बसले होते. काका वाचले. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेल्याचा अंदाज आहे, वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यातले बहुतेक खेड्यातले, शेतात राबणारे. त्यांना धोका निवडायची सोय नव्हती.

तरीही मी सरसकट बंदी मागत नाही. कड्यावर चढणाऱ्याला, समुद्रात एकट्याने होडी घालणाऱ्याला आपण अडवत नाही. सापाच्या वेडाने झपाटलेल्या माणसाचं तेवढंच ऐकलं पाहिजे. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग, घोणस घरात ठेवणं गुन्हा आहे. तरी बरणीत नाग ठेवून व्हिडिओ करणारी पोरं आपण सगळ्यांनीच पाहिलीत. त्या पोरांची मला खरोखर भीती वाटते, कारण पकडले जाऊ या धास्तीने चावल्यावरही ती गप्प बसतील.

नॉर्थ कॅरोलायनात राज्याच्या कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय विषारी साप पाळता येतो. कायदा मुख्यतः एवढंच मागतो: कुलूपबंद, लेबल लावलेला पिंजरा, चावला तर काय करायचं आणि प्रतिविष कुठे मिळेल याची लेखी माहिती, आणि साप निसटला तर ताबडतोब पोलिसांना खबर. त्या तरुणाने नेमकं हे शेवटचं केलं नाही. पुढे त्याने कोर्टात तो गुन्हा कबूल केला.

फ्लोरिडात परवान्यासाठी हजार तासांचा अनुभव दाखवावा लागतो. मला हे पटतं. शिवाय कोणत्या घरात कोणता साप आहे याची नोंद जवळच्या अग्निशमन केंद्रात असावी. आग लागली तर आत शिरणाऱ्या जवानाला ते माहीत नको? आणि ज्या सापाचं प्रतिविष राज्यात नाही, तो पाळणाऱ्याने आधी त्याचा साठा विकत घेऊन एखाद्या इस्पितळात ठेवावा. महाग पडेल, मान्य. पण तो खर्च आज दुसराच कुणीतरी सोसतोय.

मित्र म्हणाला, "हे सगळं केलं तर कोण पाळेल?" ज्याला खरंच वेड आहे तो पाळेल, आणि त्याच्या शेजारी राहायला माझी हरकत नसेल, फक्त मला ते आधी माहीत असलं पाहिजे. रॅलेच्या त्या गल्लीतल्या आयांना नोव्हेंबर ते जून काहीच माहीत नव्हतं. मुलं अंगणात खेळतच होती.