‘निरंक’ लिहून मोकळं व्हावं का? विट्याच्या वाचकांना उत्तर

नमस्कार साहेब. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: महारेरा, म्हणजे राज्याचं गृहप्रकल्प नियामक प्राधिकरण, घर-प्लॉटच्या एजंटाची नोंदणी करताना त्याचं चारित्र्य तपासतं हे मी लिहिलं ते पोकळ आहे. अमेरिकेत बोटांचे ठसे घेतात, इथे पैसे भरले की झालं. एजंट व्हायला निघालेल्या तुमच्या पुतण्यावर शेतजमिनीच्या वाटपाचा दावा आणि एक चेक न वटल्याची केस आहे, फॉर्म भरून देणारा म्हणतो प्रलंबित प्रकरणांपुढे ‘निरंक’ लिहा, आणि माझा लेख वाचून पोरगं उगाच घाबरलं.

यातलं निम्मं मला मान्य आहे. कॅलिफोर्नियात अर्जदाराचे ठसे राज्याच्या न्याय विभागाकडे आणि एफबीआयकडे जातात, आणि झालेल्या शिक्षेचा या धंद्याशी संबंध आहे का, हे तपासलं जातं. आपल्या २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम ९ मध्ये ‘अमुक शिक्षा झालेल्याला नोंदणी नाही’ असं वाक्यच नाही. महाराष्ट्राचे २०१७ चे नियम मागतात ती प्रलंबित दिवाणी आणि फौजदारी प्रकरणांची माहिती. निकाल लागून शिक्षा भोगून झालेला माणूस त्या शब्दांत बसतच नाही. ही उणीव मोठी आहे आणि ती भरली गेली पाहिजे, कारण लोक आयुष्यभराची पुंजी एजंटाच्या शब्दावर लावतात.

पण यावरून ‘निरंक लिहा’ असा निष्कर्ष निघत नाही, उलटा निघतो. आधी कुणी खोलात तपासत नाही म्हणूनच सगळा भार तुम्ही लिहून दिलेल्या माहितीवर येतो. खोटी माहिती देऊन नोंदणी मिळवली असं दिसलं, तर कलम ९(७) खाली ती रद्द किंवा निलंबित होते. याउलट, वाटपाचा दावा लिहिला म्हणून अर्ज आपोआप फेटाळला जात नाही. फेटाळायचा तर कारणं लेखी द्यावी लागतात आणि त्याआधी अर्जदाराचं म्हणणं ऐकावं लागतं. म्हणजे केस उघड केली तर एखादा खुलासा मागितला जाईल, लपवली तर पाच वर्षांची नोंदणी कायम टांगणीला. आणि कळणार कुणाला म्हणता? व्यवहार बिघडला की समोरच्याचा वकील ईकोर्ट्सवर, म्हणजे न्यायालयांच्या प्रकरणांची माहिती देणाऱ्या सरकारी संकेतस्थळावर, नाव टाकतो. पाच मिनिटांचं काम आहे.

तेच काम पुतण्यानं अर्जाआधी करावं. ईकोर्ट्सवर महाराष्ट्र, सांगली जिल्हा, मग न्यायालय संकुल निवडून पक्षकाराच्या नावानं शोधायचं. वर्ष टाकावं लागतं, म्हणून एकेक वर्ष मागे जात राहायचं. गोची स्पेलिंगची होते. नाव इंग्रजीत नोंदलेलं असतं, कधी आडनाव आधी, कधी वडिलांचं नाव गाळलेलं. आडनाव आणि नावाची पहिली तीन-चार अक्षरं अशी वेगवेगळी जोडून पाहा. फक्त विट्याचं न्यायालय पाहून थांबू नका. चेक खात्यात भरून वटवायला टाकला असेल, तर कलम १३८ ची (चेक न वटल्याची) केस ज्यानं तो भरला त्याच्या बँक शाखेच्या ठिकाणी चालते. त्यामुळे ती कराडला किंवा पुण्यालाही असू शकते. उच्च न्यायालयातलं काही असेल तर मुंबई आणि, ऑगस्ट २०२५ पासून, कोल्हापूर सर्किट बेंच (उच्च न्यायालयाचं तिथलं खंडपीठ), दोन्हीकडे बघा.

सगळ्यात जास्त चुका पुढच्या तीन ठिकाणी होतात.

वाटपाच्या दाव्यात चुलत्यानं सगळ्या भावंडांना प्रतिवादी केलेलं असतं. ‘माझ्याविरुद्ध थोडीच आहे’ म्हणून पोरं ते सोडून देतात. पण प्रतिवादी म्हणजे विरुद्धच. लिहायचं.

दुसरं, पोलिसांनी ‘समरी’, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, कोर्टात पाठवली म्हणजे प्रकरण मिटलं असा समज. जमिनीच्या भांडणातल्या फिर्यादीत ‘सी समरी’ (फिर्याद गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची असल्याचा अहवाल) वारंवार दिसते. पण मॅजिस्ट्रेटनं ती मंजूर केल्याचा आदेश होईपर्यंत प्रकरण उभंच असतं. त्या आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल काढून ठेवा, पोलीस ठाण्यातल्या तोंडी निरोपावर विसंबू नका.

तिसरं आपल्या सांगली भागातलं खास: पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहिलेला माणूस. सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ चा, थकीत कर्जाचा वसुली दाखला सहकार खात्याच्या निबंधकाकडून निघतो, ईकोर्ट्सवर सापडत नाही. तो न्यायालयातला दावा नव्हे हे खरं, तरी मी तो वेगळ्या ओळीत लिहायला सांगेन. फर्म काढून अर्ज करणार असाल तर प्रत्येक भागीदाराची प्रकरणं द्यावी लागतात, आणि फी १०,००० ऐवजी १,००,००० होते. नुसत्या नावासाठी मेहुण्याला भागीदार करू नका.

पुतण्याची नोंद अशी असावी: न्यायालय, प्रकरणाचा प्रकार आणि क्रमांक (वाटपाला बहुधा आरसीएस म्हणजे नियमित दिवाणी दावा, चेकला एससीसी म्हणजे संक्षिप्त फौजदारी खटला), सीएनआर म्हणजे ईकोर्ट्सवरचा प्रकरणाचा सोळा अंकाक्षरांचा ओळख क्रमांक, त्याची भूमिका, आजचा टप्पा, पुढची तारीख. खाली एका वाक्यात ‘कौटुंबिक शेतजमिनीचा दावा, कोणत्याही गृहप्रकल्पाशी किंवा ग्राहकाशी संबंध नाही’ एवढं पुरे. आपली बाजू तिथे मांडत बसू नये. चेकची रक्कम प्लॉटच्या विसारापोटी घेतलेल्या पैशांची असेल, तर मात्र तेही सरळ लिहा, कारण खुलासा नेमका त्याचाच मागितला जाईल. प्रकरण लोकअदालतीत मिटण्यासारखं असेल तर आधी मिटवा आणि आदेशाची नक्कल घेऊन मग अर्ज भरा.

प्रशिक्षण आणि परीक्षेचं प्रमाणपत्र लागतंच, ते तोवर उरकता येईल. मात्र नोंदणी हातात येईपर्यंत महारेरात नोंदलेल्या प्रकल्पातला एकही प्लॉट किंवा फ्लॅट त्यानं दाखवू नये. रेरा कायद्याच्या कलम ६२ चा दंड दिवसाला १०,००० रुपये आहे आणि तो त्या मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत चढतो.